बारवेच्या तळाची रिकामी खोली

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. आई म्हणायची, भित्यापाठी ब्रह्मराक्षस; आणि आमच्या घरी तर ब्रह्मराक्षसालाही मनाई होती. आजोबांनी धम्म घेतला तेव्हाच देव, भुतं, नवस, कौल असं सगळं घराबाहेर गेलं होतं. घाबरायला अधिकृत असं काही उरलेलंच नव्हतं, तरी मी घाबरायचो. तर अशा माणसाच्या कपाटात आज भीतीच्या खेळाची पुस्तकं ओळीनं लावलेली आहेत, आणि त्यातली बरीचशी म्हणजे एकाच साहसाच्या वेगवेगळ्या आवृत्त्या आहेत. बायको विचारते, एकच गोष्ट इतक्या वेळा कशाला विकत घ्यायची? तिला मी सांगतो की ती एकच गोष्ट नाही, आणि ती स्वयंपाकघरात निघून जाते.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. यात पट नसतो. एकजण सांगणारा असतो आणि पुस्तक फक्त त्याच्या हातात असतं. बाकीचे चालणारे. प्रत्येक चालणाऱ्याचा एक वीर असतो. कागदावर त्याचं नाव, अंगातली ताकद, तलवार, दोर, कंदील वगैरे लिहायचं. सांगणारा म्हणतो, समोर अंधारा जिना आहे, काय करता? चालणारे आपसांत कुजबुजतात आणि म्हणतात, उतरतो. जमेल की नाही अशी शंका आली की फासा टाकायचा. वीर मेला की त्याचा कागद फाडायचा आणि नवा वीर घ्यायचा.

मी सांगलीला इंजिनिअरिंगला होतो तेव्हाची ही गोष्ट. नव्वदीचं दशक संपत आलेलं. आम्ही तिघे एका खोलीत राहायचो. एक मिरजेचा होता, त्याच्या घरात पिढीजात डॉक्टर. दुसरा उंब्रजचा, शेतकऱ्याचा मुलगा, थोरला भाऊ फौजेत. तिसरा मी. मिरजेच्या मित्राबरोबर एकदा रद्दीच्या दुकानात जुनी मेडिकलची पुस्तकं चाळत होतो, त्यात हे पातळ पुस्तक निघालं. पूर्वी कधी मिरजेला राहून गेलेल्या कुणा परदेशी डॉक्टरच्या मुलांचं असावं. कव्हर सुटं होतं, आणि त्याच्या आतल्या बाजूला फिकट निळ्या शाईत नकाशा छापलेला.

नकाशा एका खोल विहिरीचा होता. पायऱ्या, मजले, कोनाडे, प्रत्येक मजल्यावर खोल्या. आम्ही तिला पहिल्या दिवसापासून बारवच म्हणायला लागलो. चित्रं काळ्या शाईतली, चित्रकार फारसा शिकलेला नसावा. पण त्याची ती आखडलेली माणसं रात्री बघवायची नाहीत. खोल्यांची वर्णनं दोन-दोन ओळींची. कुणी राहत होतं का इथं, बारव कुणी बांधली, का बुडवली, एका अक्षरानं खुलासा नाही. छपाईच्या चुका भरपूर. एक खोली तर नकाशात होती आणि पुस्तकात तिच्याबद्दल एक ओळही नव्हती. ती छापायची राहून गेली होती, दुसरं काही नाही. पण आम्ही सगळ्यात जास्त त्याच खोलीला घाबरायचो आणि तिच्या दारावरून पाय न वाजवता जायचो.

फासे मात्र हरवलेले होते. खेळाला वीस बाजूंचा फासा लागतो, तो सांगलीत कुठं मिळणार? मग मिरजेच्या मित्रानं घरातला हौजीचा डबा आणला. एक ते वीसच्या गोट्या एका कापडी बटव्यात घातल्या, आणि फासा टाकायच्या ऐवजी बटव्यात हात घालायचा असं ठरलं. फासा डोळ्यांसमोर गडगडतो. बटव्यातली गोटी बोटांना लागते पण दिसत नाही. हात लवकर बाहेर काढावासाच वाटायचा नाही.

बारवेच्या अगदी तळाला काळ्या दगडाचं दार आहे. त्या दाराआडच्या खोलीबद्दल पुस्तकात एवढंच लिहिलं होतं: खोली रिकामी आहे, जो पहिला आत पाऊल टाकील तो मरेल. बटवा नाही, संधी नाही. हे फक्त मला माहीत होतं, कारण सांगणारा मी.

उंब्रजच्या मित्रानं आपल्या वीराला थोरल्या भावाचं नाव दिलं होतं. त्याचा दादा त्याला देवासारखा. नाव देताना यात काही वावगं आहे असं कुणाच्याच मनात आलं नाही. दादा तेव्हा कुठल्याशा शांत छावणीत होता आणि पत्रातून म्हशीची चौकशी करायचा.

मग नव्व्याण्णवचा उन्हाळा आला आणि वर बर्फात लढाई सुरू झाली. दादाची पलटण तिकडे हलल्याचं कळलं आणि पत्रं थांबली. सातारा जिल्ह्यात घरटी एक माणूस फौजेत म्हणतात. त्या दिवसांत पोस्टमन सायकलवरून वळला तरी आख्खी आळी गप्प व्हायची. जिल्ह्यात कुठं ना कुठं तिरंग्यातली पेटी आल्याची बातमी असायची. परीक्षा संपल्यावर मित्र म्हणाला, मला एकट्याला घरी जायची भीती वाटते, तुम्ही दोघं चला. आम्ही गेलो.

उंब्रजचं त्यांचं घर हमरस्त्यापासून हाकेच्या अंतरावर. वडील लवकर गेलेले. घरात आई एकटी. आम्ही तिला मावशी म्हणायचो. कणखर बाई, ऊस स्वतः उभी राहून तोडून घ्यायची. पण तिचं जेवण तुटलं होतं. दिवसभर दारापुढच्या सोप्यात बसून शेंगा फोडायची, आणि रस्त्यावर जीप थांबल्याचा आवाज आला की फोडलेली शेंग तिच्या बोटांत तशीच राहायची. वेळ जाईना म्हणून आम्ही दुपारी तिथंच खेळ मांडला.

पहिले एक-दोन दिवस तिनं लक्ष दिलं नाही. मग थोरल्याचं नाव तिच्या कानावर पडायला लागलं. तो दोर बांधून उतरला, त्याला बाण चाटून गेला, त्यानं कंदील विझवला. मुलानं समजावून सांगितलं की आये, हा खेळ आहे, नुसतं नाव दादाचं. ती बरं म्हणाली. दुसऱ्या दिवशी चहा देताना तिनं मला हळूच विचारलं, "आज कुठवर गेलाय माझा थोरला?"

खरी बातमी कुठूनच येत नव्हती, म्हणून तिनं माझ्या बातमीवर दिवस काढायला सुरुवात केली होती. तो जखमी झाला की ती शेंगा फोडायची थांबायची. तो एखाद्या मजल्यावर सुखरूप टेकला की तिच्या घशाखाली दोन घास उतरायचे. आणि तळाशी काय आहे ते मला पाठ होतं. मी पुस्तकात नसलेल्या खोल्या रचायला लागलो, नसलेले जिने वाढवले, चालणाऱ्यांना गोल गोल फिरवलं. मित्र कंटाळून म्हणायचा, अरे ही बारव आहे की कऱ्हाडचा बाजार?

माझी ही तारांबळ फक्त मिरजेच्या मित्राला समजली. त्याच्या आतेभावानं परदेशातून त्याच साहसाची नवी आवृत्ती पाठवली होती. तो घरी जाऊन ती घेऊनच आला. जाड, गुळगुळीत, रंगीत. मी ती परसात नेऊन अधाशासारखी वाचली. बारव कुणी बांधली याची पानंच्या पानं होती. छापायची राहिलेली खोली आता व्यवस्थित भरलेली होती आणि तिच्यात एक साधं कोठार निघालं. सांगणाऱ्यानं काय बोलायचं तेही चौकटीत तयार करून दिलेलं, वर उपदेश की चालणाऱ्यांचा हिरमोड होऊ देऊ नका. आणि तळाच्या दारावर आता कोरीव अक्षरांत चेतावणी होती. आत विषारी वायू होता, आणि पाऊल टाकणाऱ्याला फासा टाकून वाचायची चांगली संधी होती. पुस्तक म्हणून मला ते फार बेचव वाटलं. पण त्या दुपारी मी ते छातीशी धरलं, कारण त्यात दादा वाचू शकत होता.

नवं पुस्तक घेऊन मी सोप्यात बसलो. मित्रानं लगेच विचारलं, हे कुठलं? मी म्हणालो, तेच आहे, सुधारलेलं; इथून पुढं यातून खेळू. तो काही बोलायच्या आत मावशीच बोलली. त्यांच्या गावात अडलेल्या कामासाठी देवाला कौल लावतात. पाषाणाला ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि डावी पडते की उजवी ते बघत बसायचं. तिनं आमचा बटवा इतके दिवस त्याच नजरेनं पाहिला होता, हे मला तेव्हा समजलं.

"देव बदलून कौल लावत्यात व्हय रं?" ती म्हणाली. "ज्येला इचारलंय त्येलाच इचारा."

माझ्या घरात कौल नव्हता, म्हणून त्याला उत्तर कसं द्यायचं हेही मला येत नव्हतं. मित्रानं नवं पुस्तक माझ्या हातातून काढून बाजूला ठेवलं. मी जुनं उघडलं. रचलेले जिने संपले होते. ते काळ्या दाराशी आले. मी तीनतीनदा विचारलं, नक्की? परत फिरायचं नाही ना? माझा आवाज ऐकून मिरजेचा मित्र म्हणाला की त्याचा वीर बाहेरच थांबतो. उंब्रजच्या मित्रानं मात्र भावाच्या नावाला शोभेल तेच केलं. तो म्हणाला, दादा कधी मागं राहिलाय का? पयला दादाच जाणार.

पुस्तकातली ओळ मी वाचली. मेला, असा शब्द माझ्या तोंडून गेला. मावशी उठली, पदरातल्या शेंगा सोप्यात सांडल्या, आणि चप्पल न घालता रस्त्याकडे चालू लागली. आम्ही मागं धावलो. ती हमरस्त्यावरच्या एसटीडी बूथमध्ये शिरली आणि तासगावला, आपल्या भावाच्या घराशेजारच्या बेदाणा व्यापाऱ्याला फोन लावून म्हणाली की माझा थोरला गेला, माझ्या भावाला सांगा. एवढं बोलून तिनं फोन ठेवला.

मला वाटलं बाईचं डोकं फिरलं. मित्रानं मला बाजूला घेऊन सांगितलं तेव्हा कुठं उलगडा झाला. त्यांच्याकडं कुणाच्या डोक्याला कावळा शिवला की त्याच्या मरणाची खोटी बातमी पाहुण्यांकडं धाडतात. पाहुण्यांनी खरं समजून रडायचं. रडून झालं की खरं सांगायचं, आणि मग आलेलं मरण तेवढ्यावरच भागतं, माणसाचं आयुष्य वाढतं. थोरल्याच्या नावानं मेला हा शब्द घरात उच्चारला गेला होता. तो तसाच ठेवून चालणार नव्हतं. रक्ताच्या माणसानं रडून तो फेडायला हवा होता. थोड्या वेळानं परत फोन करून खरं सांगायचं, असा तिचा हिशोब.

पण परत फोन लागलाच नाही. तासगावची लाइन गेली होती. बूथवाला नंबर फिरवत राहिला आणि मावशी काचेला टेकून उभी राहिली. तिला एकच गोष्ट लक्षात आली नव्हती, आणि ती आमच्यापैकीही कुणाच्या लक्षात आली नाही. एरवीच्या दिवसांत अशी बातमी आली तर पाहुणे आधी शंका घेतात, कावळा शिवला असेल म्हणतात. त्या उन्हाळ्यात फौजीच्या मरणाची बातमी कुणी खोटी धरणार होतं का?

दिवस कलायच्या आत तासगावची माणसं आली. द्राक्षबागेतला ट्रॅक्टर तसाच सोडून मामा मिळेल त्या गाडीनं निघाला होता, त्याच्यामागं भावकी. त्यांचा आक्रोश रस्त्यापासूनच सुरू झाला, आणि तो ऐकून उंब्रजची माणसं घराकडं लोटली. कुणीतरी हार आणला. मावशी दारात उभी राहून सांगत होती की खोटं आहे, मीच धाडलंय. कुणी ऐकेना. दुःखानं बाईला भ्रम झालाय असं समजून बायका तिला धरू लागल्या, आणि ती त्यांचे हात झटकत राहिली. मग एका क्षणी तिनं झटकणं थांबवलं. समोर ठेवलेल्या हाराकडं बघताना तिच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी परत कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही. आपण खोटं धाडलं होतं की खरं, हेच तिला क्षणभर समजेनासं झालं होतं.

शेवटी मित्रानं मामाला गच्च धरून सगळं सांगितलं. मामा भिंतीला टेकून खाली बसला. रागावून म्हणाला, "आसल्या दिसांत कुनी आसलं करतं व्हय गं? माझं काळीज बंद पडलं आसतं तर?" मग त्यानं विचारलं की मेला असं पहिल्यांदा म्हणालं कोण. गर्दीनं माझ्याकडं पाहिलं. मी कुठला, कुणाचा, हे गर्दीतल्या काहींना माहीत होतं, आणि त्या नजरा मी ओळखतो. माझी पाचावर धारण बसली. मावशी माझ्यापुढं येऊन उभी राहिली आणि म्हणाली की त्यानं पुस्तकात होतं ते वाचलं, त्याला कुणी काही म्हणायचं नाही. पाहुणे न जेवता परतले.

त्यानंतरचे दिवस आम्ही कसे काढले ते आठवतही नाही. खेळाचं नाव कुणी घेतलं नाही. लढाई थांबल्यावर कधीतरी बूथवरचा पोरगा ओरडत आला आणि मावशी धावत गेली. फोनवर दादा होता. ठीक आहे म्हणाला आणि म्हशीची चौकशी केली. गावात मावशीचा मान वाढला. रडून फेडलं म्हणून पोरगा वाचला, असं बायका म्हणायला लागल्या. मी वाद घातला नाही. मला तेव्हा कुणी सांगितलं असतं की लिंबू कापल्यानं तो वाचला, तरी मी मान डोलावली असती.

दिवाळीला दादा सुट्टीवर आला. आम्हाला निरोप आला, आम्ही दोघं गेलो. सत्कार झाले होते, शाळेत भाषण झालं होतं, हसतमुख उभा असलेला त्याचा फोटो चावडीत लागला होता. त्याला आपल्या खोट्या मरणाची गोष्ट कळली होती आणि तो ती रंगवून सांगून सगळ्यांना हसवायचा. एका दुपारी मला म्हणाला, आण की गड्या ते पुस्तक, मी कुठं मेलो ते तरी बघू.

मी दोन्ही आवृत्त्या पुढं ठेवल्या. त्यानं नवी चाळली, चित्रांचं कौतुक केलं. तळाच्या दारावरच्या चेतावणीशी आला आणि हसला. "हितं दारावर लिवलंय व्हय? लय चांगलं हाय." मग जुनी उघडली आणि ती दोन ओळींची खोली त्यानं बराच वेळ वाचली. म्हणाला, हे ज्यानं लिहिलं त्याला ठाऊक असणार. जुन्या आवृत्तीची याहून मोठी तारीफ मी नंतरही कुणाच्या तोंडून ऐकली नाही, आणि ऐकताना मला आनंद झाला नाही.

ह्यातूनच खेळू, तो म्हणाला. स्वतःच्याच नावाचा वीर घेतला. पहिल्या मजल्यापासून त्यानं आम्हाला असं उतरवलं की आम्ही थक्क झालो. कुणी कुठं उभं राहायचं, कंदील कुणाकडं, मागं कोण. मावशी शेंगा फोडत ऐकत होती, आणि कितीतरी महिन्यांनी तिच्या चेहऱ्यावर गंमत होती. आम्ही काळ्या दाराशी आलो. मित्र हसत म्हणाला, दादा, आता तुला माहीतच आहे, तू नको जाऊ, मी जातो.

दादा हसला नाही. धाकट्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "तू न्हाई. कुनीतरी पयलं जायाच लागतंय. त्या दिशी माझ्या जागी दुसरा गेला."

मी खेळ थांबवायला पुस्तक मिटलं, तर त्यानं त्यावर हात ठेवला. तो हात त्यानं काढला नाही. इतके दिवस घरातलं प्रत्येक माणूस त्याच्यासाठी घाबरलं होतं. तो स्वतः घाबरत असेल, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. दाराकडं बघावं तसं त्यानं त्या पुस्तकाकडं पाहिलं आणि आईला म्हणाला, "आये, मला न्हाई जायाचं परत. लय भ्या वाटतंय."

मावशीनं त्याचं डोकं ओढून मांडीवर घेतलं. आम्ही दोघं उठून परसात गेलो.

सुट्टी संपली तेव्हा तो गेलाच. न जाऊन चालणार होतं का? हमरस्त्यावर अख्खं गाव निरोपाला आलं होतं. सरपंच होते, शाळेतली पोरं झेंडे घेऊन उभी होती, जयजयकार चालला होता. आमच्या भागात फौजीची आई अशा वेळी ताठ उभी राहते, औक्षण करते आणि नाव काढ म्हणते. ती तसंच करणार म्हणून सगळे बघत होते. मावशीनं औक्षण केलं. मग त्याचा दंड धरला आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पयला जाऊ नगंस."

जयजयकार थांबला. सरपंचांनी मान खाली घातली. एसटीत चढताना दादानं काहीतरी उत्तर दिलं, पण त्याच वेळी कंडक्टरनं घंटी वाजवली आणि एसटी निघाली. तो काय म्हणाला, असं मावशी मला वाटभर विचारत राहिली. मी त्याच्या शेजारीच उभा होतो, पण मलाही ते ऐकू आलं नव्हतं.